वरची माती, खालची माती

आमच्या लहानपणी चवथीच्या दोन महिने आधी घरातला पाट मूर्तिकाराकडे पोचवायचे काम मुलांकडे असे. पाटाच्या खालच्या बाजूला खडूने घराचे नाव लिहायचे आणि तो डोक्यावर घेऊन निघायचे. त्या पाटावरच मग आमचा गणपती आकार घेई. चित्रशाळेच्या पडवीत ओल्या गोणपाटाखाली मातीचा मोठा ढीग झाकलेला असे. तिला हात लावला की ओरडा बसे.

ती माती कुठून येते, हे कितीतरी वर्षांनी कळले. ती गावाखालच्या शेतातली होती. भात कापून झाले आणि जमीन सुकू लागली की मूर्तिकार शेतवाल्याला विचारून एका कोपऱ्यात खणी. वरची शेणखताची माती वीतभर बाजूला काढायची, खालची चिकण माती हवी तेवढी घ्यायची आणि वरची पुन्हा जागेवर पसरायची. बांधाजवळ खणायचे नाही. पुढच्या वर्षी कोपरा बदलायचा. कागद नाही, परवाना नाही. त्या बदल्यात शेतवाल्याच्या घरच्या मूर्तीचे पैसे मूर्तिकार घेत नसे.

त्याच काळात आमच्या गावावरच्या डोंगरात खाण होती. दिवसभर ट्रक धावत. त्या डोंगरातली माती कोणाला विचारून काढली, असा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पाच टोपल्या मातीसाठी विचारणारे गाव डोंगर गेला तरी गप्प कसे राहिले? स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा हाच विषय पुढे आला. मी डिचोली तालुक्यातला, म्हणून उदाहरणेही तिथलीच जास्त येतील.

गोव्यात जमिनीवर कोणी काय करायचे हे ठरवणारी सर्वांत जुनी संस्था म्हणजे गावकरी. तिलाच पुढे पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले. गावची जमीन गावकरांच्या संस्थेची, ती दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशांतून देवळाचा, बांधांचा, गावच्या सेवेकऱ्यांचा खर्च भागवायचा आणि उरेल ते गावकरांनी झोण म्हणून वाटून घ्यायचे, असा तो एकूण व्यवहार. अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने १५२६ साली तिसवाडीच्या गावकरांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो दस्तऐवज फोराल म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात पोर्तुगीजांनी काही नवे घडवले नव्हते. सारा नीट वसूल व्हावा म्हणून जे आधीपासून चालत आले होते ते त्यांनी नोंदवले, एवढेच. या संस्थेला फार गोंजारण्याचेही कारण नाही. ती मूळ गावकरांच्या पुरुषांची होती. कूळ, मजूर, कुंभार यांना तिथे आवाज नव्हता.

पण माती सांभाळण्याचे काम या संस्थेने जसे केले तसे नंतर कोणी केले नाही, हेही खरे. पुरावा पाहायचा असेल तर खाजन जमिनी पाहाव्यात. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्यांत भरतीचे खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. त्या काठची दलदल बांध घालून शेतीखाली आणली ती खाजने. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. बांध मातीचा, आत गवत-पेंढा, बाहेरच्या अंगाला चिरे. बांधात मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी दारे असलेली मोरी. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. शेतात कोरगुट भात, मानशीजवळच्या पाण्यात मासे. मानशीवर मासे धरण्याचा हक्कही लिलावात जाई.

ही सगळी रचना मातीच्या हिशेबावर उभी आहे. बांधाला खेकड्यांची बिळे पडतात, लाटा लागतात, पावसात माती खचते. दरवर्षी चिखल लावावा लागतो. तो चिखल कुठून काढायचा, किती काढायचा, बांधापासून किती अंतर सोडायचे, हे ठरलेले असे, कारण एका शेतकऱ्याने स्वतःच्या वाट्यात चुकीच्या जागी खड्डा केला तर बुडते ते सगळे खाजन. बांध फुटला की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. ‘माझी जमीन, मी काहीही करीन’ हे वाक्य खाजनात चालतच नाही. आमच्या मूर्तिकाराचा बांधाजवळ न खणण्याचा नियम याच शहाणपणातला.

तिसवाडी, बार्देश, सासष्टी हा जुन्या काबिजादीचा भाग. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, फोंडा, पेडणे, काणकोण हे नव्या काबिजादीचे महाल पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आले. इथे गावकरीबरोबर देसायांचे मोकासे होते, देवस्थानांच्या जमिनी होत्या, सरकारने आल्व्हारा देऊन लागवडीला दिलेल्या जमिनी होत्या. आणि इथल्या डोंगरांच्या पोटात लोखंड आणि मँगनीज होते.

आता या इतिहासातल्या दोन तारखा शेजारी ठेवतो. १ डिसेंबर १९०४ रोजी कोमुनिदादींची संहिता मंजूर झाली. जमिनी भाड्याने कशा द्यायच्या, लिलाव कसा करायचा, बांधांच्या दुरुस्तीचा खर्च कसा मंजूर करायचा, हिशेब कोणी तपासायचा, यांचे बारीकसारीक नियम त्यात होते. गावावर सरकारी ॲडमिनिस्ट्रेटरची पकड त्यामुळे वाढली खरी, पण जमीन हा गावाचा विषय आहे एवढे तरी त्यात गृहीत होते. पुढे दोनही वर्षे झाली नाहीत तोच, २० सप्टेंबर १९०६ रोजी, वसाहतींसाठी खाणींचा हुकूमनामा निघाला. त्याप्रमाणे जमिनीखालचे खनिज सरकारचे. ते ज्याला सापडेल त्याने स्थानिक कामराच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दप्तरात आपल्या शोधाची नोंद करायची. तिला मानिफेश्त म्हणत. नोंद पहिली ज्याची, हक्क पहिला त्याचा. मग रीतसर पायऱ्या चढून त्याला कन्सेशन मिळे. एका कन्सेशनचे क्षेत्र फार तर १०० हेक्टर. मुदत मात्र अमर्याद. खाण चालू ठेवायची, कर भरायचा, की पिढ्यान्पिढ्या हक्क कायम.

जमिनीचा वरचा थर एका कायद्याखाली, खालचा दुसऱ्या. वरच्या थरासाठी गावसभा, लिलाव, हिशेबनीस. खालच्यासाठी नगरपालिकेतले एक पुस्तक. गावकरी, मोकासदार, देवस्थान किंवा आल्व्हारावाला कोणीही असो, पृष्ठभागाच्या मालकाला नुकसानभरपाई मागता येई, नको म्हणता येत नसे. कुळाला तर तेही नाही. नोंद तालुक्याच्या गावी होत असल्यामुळे वरकरणी हे नियमन स्थानिक दिसते. पण ते पुस्तक गावाने काही ठरवावे म्हणून ठेवलेले नव्हते. आधी कोण आला एवढेच त्यात लिहायचे होते.

चाळीस वर्षे याने फारसे बिघडले नाही, कारण कोणाला गोव्याचे लोखंड नको होते. १९४७ साली निर्यात झाली ती अवघी १०० टन, असे सांगतात. मग दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या. युद्धात बेचिराख झालेल्या जपानने पोलादाचे कारखाने पुन्हा उभारले आणि त्यांना कच्चा माल हवा झाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी यंत्रे शिरगावच्या डोंगरावर आली. दुसरी गोष्ट भारत सरकारची आर्थिक नाकेबंदी. १९५५च्या सुमारास सीमा बंद झाल्या, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या, तेव्हा पोर्तुगीज सरकारला परकीय चलन आणि लोकांना रोजगार देणारा एकच धंदा दिसला. कन्सेशने भराभर वाटली गेली. एकूण सुमारे ८०० कन्सेशने दिली गेली आणि निर्यात काही दशलक्ष टनांवर पोचली. जुन्या खाणपट्ट्यांची ओळख आजही त्या वेळच्या कन्सेशन-पत्राच्या क्रमांकाने आणि सालाने होते. ‘टी. सी. नंबर अमुक, साल बावन्न’ असे खाणीवरचे जुने कारकून अजून बोलतात.

पुढे जे घडले त्याचे मर्म या १०० हेक्टरांत आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. गोव्याच्या डोंगरात खनिज उघडे पडलेले नसते. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड आधी बाजूला करावा लागतो. शंभर हेक्टरांत खड्डाही करायचा आणि ही माती साठवायचीही, तर जागा पुरत नाही. म्हणून माती कन्सेशनच्या हद्दीबाहेर टाकली जाऊ लागली. डोंगर उतारावर, कुळागरांच्या डोक्यावर, ओढ्यांच्या उगमाशी मातीचे नवे डोंगर उभे राहिले. कन्सेशन देणाऱ्या कागदात या मातीचे काय करायचे याचा विचार नव्हता, आणि जिथे ती पडत होती तिथल्या गावाकडे कागदच नव्हता. पावसाळा आला की ती खाली येई. पिसुर्ले, शिरगाव, वेळगे, सुर्ला, पाळी इथल्या शेतकऱ्यांना विचारा, शेतात लाल गाळ किती चढला ते हाताने दाखवतील.

दुसरे संकट पाण्याचे. खड्डे खोल जात भूजलाच्या खाली गेले, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली. मग पंप लावून पाणी उपसायचे. खड्ड्यात पाणी उतरले की आजूबाजूच्या विहिरी आटतात. कोरड्या विहिरीच्या गावाला खाणीचा टँकर पाणी देई आणि त्याबद्दल गावाने आभार मानावेत अशी अपेक्षा असे. तिसरे संकट नदीत होते. खनिज बार्जीतून मांडवी-जुवारीने मुरगावला जाई, आणि बार्जींच्या लाटा खाजनांच्या बांधांना लागत. डोंगरावर गावाला न विचारता केलेले खोदकाम असे शेवटी त्या जुन्या बांधांपर्यंत येऊन पोचले.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. हे दोन कायद्यांचे त्रांगडे तेव्हा सुटेल असे वाटायला जागा होती. भारताचा १९५७चा खाण-खनिज कायदा १ ऑक्टोबर १९६३पासून गोव्याला लागू झाला. पण जुनी कन्सेशने म्हणजे मालकी की भाडेपट्टा, हा वाद मिटेना. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. त्यांच्या राजवटीत कुळांना संरक्षण देणारा १९६४चा कायदा आला, ज्याचे ऋण बहुजन समाज आजही मानतो. वरच्या मातीत कसणाऱ्याचा हक्क मान्य झाला. खालच्या मातीला कोणी हात लावला नाही. कूळ कायद्याचा एक परिणाम मात्र सहसा बोलला जात नाही. कोमुनिदादीचे उत्पन्न गेले, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, आणि पुष्कळ ठिकाणी ती कोणाचीच राहिली नाही. अन्याय दूर करताना अन्याय करणाऱ्या संस्थेचे चांगले कामही बंद पडले. ते दुसऱ्या कोणावर नीट सोपवले गेले असते तर बरे झाले असते.

संसदेने १९८७ साली कायदा करून ही कन्सेशने रद्द केली आणि त्यांना भाडेपट्टे ठरवले, तेही मागील तारखेने, २० डिसेंबर १९६१पासून. खाणमालक न्यायालयात गेले, तो वाद लांबत राहिला, खाणी चालू राहिल्या. गावाला बोलण्याची पहिली कायदेशीर संधी मिळाली ती १९९७ नंतर, पर्यावरण परवान्यासाठी जनसुनावणी सक्तीची झाल्यावर. अशा एका सुनावणीला मी बसलो आहे. मांडव, खुर्च्या, सरबत. बोलणाऱ्यांत निम्मे ट्रकवाले, निम्मे शेतकरी. आणि एकाच घरातले दोघे भाऊ दोन बाजूंना.

हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण आमच्याही घरात ट्रक होता. चुलत भावाने बँकेचे कर्ज काढून घेतलेला. शतकाच्या आरंभी चीनला लोखंड हवे झाले आणि हलक्या प्रतीचे, पूर्वी टाकून दिलेले खनिजही विकले जाऊ लागले. जुने ढिगारे पुन्हा उकरले गेले. २०१०-११ साली गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर गेले. त्याबद्दल सरकारला मिळणारे स्वामित्वधन २००९पर्यंत टनामागे तीस रुपयांच्याही आत होते. तेवढ्या वर्षांत आमच्या गावात पक्की घरे झाली, मुले इंजिनिअर झाली, देवळांना नवे सभामंडप आले. आपल्या मंडळाच्या त्या वर्षांतल्या स्मरणिका काढून पाहा, मागच्या पानांवर कोणाच्या जाहिराती आहेत. गावाने आवाज का उठवला नाही, याचे उत्तर फक्त १९०६च्या हुकूमनाम्यात शोधले तर ते अर्धेच सापडेल.

मग सगळे फार वेगाने झाले. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ला संसदेत मांडला गेला. त्यात सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज होता. आकड्यावर पुढे वाद झाला, पण तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने सांगितले की या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७लाच संपली होती, म्हणजे त्यानंतरचे खोदकाम बेकायदेशीर. भाडेपट्ट्याबाहेर माती टाकता येणार नाही, हेही त्याच निकालात आले. वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली गेली, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश निघाला. राज्याने पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे ते नूतनीकरणही रद्द केले. भावाचा ट्रक अंगणात उभा राहून गंजला. त्याचे हप्ते कोणत्याही निकालात नव्हते.

डिसेंबर २०२२मध्ये खाणींचे पहिले लिलाव झाले. कन्सेशनच्या जागी आता मोठाले खाणक्षेत्र आले आहेत, आणि त्यांत घरे, देवळे, शेते, तळी यांचाही समावेश झाल्याची तक्रार शिरगाव-मये भागातले लोक करत आहेत. बोली लावणाऱ्याचे नाव नोंदवण्याची व्यवस्था चोख आहे. गावाचे म्हणणे नोंदवायला आजही जनसुनावणीचा मांडवच आहे.

दरम्यान खाणींकडे सगळ्यांचे लक्ष असताना मातीची दुसरी हलवाहलव सुरू झाली. घरे, हॉटेले, रस्ते यांसाठी डोंगर कापायचा आणि त्याच मातीने सखल शेत भरायचे. एका ट्रकच्या फेरीत दोन्ही कामे होतात. याला आवर घालण्यासाठी नव्वदच्या दशकात नगरनियोजन कायद्यात कलम १७-अ घातले गेले. डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकाची लेखी परवानगी आधी घेतली पाहिजे, असे ते सांगते. माझ्या मते गोव्यातला हा पहिला आधुनिक कायदा, ज्याने खड्डा आणि भराव एकत्र पाहिले, जसे खाजनातले लोक पाहत. पण परवानगी पणजीत आणि ट्रक गावात. रात्री भराव पडला की सकाळी पंचायतीत तक्रार होते, तलाठी पंचनामा करतो, काम थांबवण्याची नोटीस निघते. टाकलेली माती उचलून मूळ जागी नेली गेल्याचे फार क्वचित दिसते. डोंगर तर परत येतच नाही. वाळूचे आणि चिऱ्यांच्या खाणींचेही असेच, त्यांना गौण खनिजांचे वेगळे नियम आहेत. कुठे ते पाळले जातात आणि कुठे नाही, हे पंचायतीतल्या सगळ्यांना माहीत असते.

गेल्या वर्षी पाट द्यायला मी चित्रशाळेत गेलो. आता मूर्तिकाराचा मुलगा काम पाहतो. माती प्लास्टिकच्या गोणींतून येते, बाहेरून, पन्नास किलोची एक. चांगली असते, पण थोडी रवाळ, असे तो म्हणाला. गावाखालच्या शेतातली का आणत नाही, असे विचारले. त्याने गोणीत हात घातला आणि म्हणाला, "गुरुजी, तिथं वरचीच माती हातभर लाल आहे. चिकण लागेपर्यंत खणायचं तर आता परवाना लागेल."

मी पाटाच्या खालच्या बाजूला घराचे नाव लिहिले आणि निघालो.